नातवंडाचा पहिला सण आणि आपण दूर



दिवाळी जवळ आली, की रक्तदाब तपासून घेण्यासाठी दवाखान्यात येणाऱ्या आजी-आजोबांच्या बोलण्यात एक विषय हमखास निघतो. घरात नातवंड जन्माला आलेले असते. परंतु ते पुण्यात, सुरतेत, बंगळूरात किंवा थेट न्यू जर्सीत. बाळ लहान, प्रवास लांबचा, मुलाला रजा नाही. आणि इकडे आपले गुडघे, आपली साखर, नुकतेच झालेले मोतीबिंदूचे ऑपरेशन. मग ठरते, की यंदाची दिवाळी मोबाईलवरच. हे सांगून झाले की बहुतेकांच्या तोंडून पुढचा प्रश्न येतो: ‘डॉक्टर, बाळ आम्हाला ओळखेल का?’

या प्रश्नाला नुसता धीर देणारे उत्तर पुरत नाही. त्यामागे एक भीती असते, की नातवंडाच्या आयुष्यात आपण केवळ पडद्यावरचे एक चित्र होऊन राहू. या पंधरवड्यात आपण याच प्रश्नाचा विचार करू. बाळाला काय कळते, दुरून सण साजरा करताना काय करावे, काय टाळावे, आणि फोन बंद झाल्यावर स्वतःची काळजी कशी घ्यावी, हे क्रमाने पाहू.

२०२० सालाने शिकवलेले

दुरून सण साजरा करण्याचा धडा आपण सर्वांनी एकदमच गिरवला. २०२० साली आखाजी २६ एप्रिलला आली, तेव्हा देशभर टाळेबंदी होती. ज्या सणाला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, त्या सणाला लेकी सासरीच राहिल्या. पुढच्या वर्षी, १४ मे २०२१ रोजी, पुन्हा निर्बंध होते. सलग दोन आखाज्या अशा गेल्या.

त्याहून अवघड गेली ती कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात घरोघरी कानबाई बसते. तिचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, म्हणून पोटापाण्यासाठी बाहेर गेलेली माणसे या दिवशी गावाकडे येतातच. २०२० साली हा रविवार २६ जुलैला आला आणि तेव्हा एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यास ई-पास लागत होता. रोटांसाठी घरातील माणसांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ गहू मोजण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. त्या वर्षी ज्या बाळाने अद्याप गाव पाहिलेले नव्हते, त्याच्याही नावाची मूठ मोजली गेली आणि ती मोजताना समोर मोबाईल धरलेला होता. १४ नोव्हेंबरचे लक्ष्मीपूजन आणि १६ नोव्हेंबरची भाऊबीजही अनेकांनी तशीच केली. साठ वर्षांवरील नागरिकांचे लसीकरण १ मार्च २०२१ रोजी सुरू झाले. त्यामुळे कित्येक आजी-आजोबांनी नातवंडाला प्रथम हातात घेतले, तेव्हा ते रांगू लागले होते.

ती बाळे आता शाळेत जातात आणि सुट्टीत गावी येतात. त्यांचे आजी-आजोबांशी असलेले नाते पाहिले, तर पहिले वर्ष दूर गेल्याने ते तुटलेले दिसत नाही. मात्र ज्या घरांत त्या काळात नेमाने बोलणे झाले, तेथे पहिली भेट सोपी गेली, हेही मी पाहिले आहे. महासाथ सरली तरी अंतरे उरली आहेत, म्हणून तो अनुभव आजही उपयोगी आहे.

बाळाला काय कळते?

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरचेच नीट दिसते. म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो, तेवढेच. मोबाईलमधील आपला चेहरा त्याला पहिल्या दोन महिन्यांत फारसा कळत नाही. तेव्हा बाळाने आपल्याकडे पाहिले नाही म्हणून खट्टू होऊ नये. ऐकणे मात्र जन्मापूर्वीच सुरू झालेले असते. आईचा आवाज बाळ जन्मतःच इतर आवाजांपासून वेगळा ओळखते. आपला आवाजही वारंवार कानी पडला, तर तो त्याच्या परिचयाचा होऊ शकतो.

सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास बाळ माणसाकडे पाहून हसू लागते. चार-पाच महिन्यांत ते पडद्यावरील हलणाऱ्या चेहऱ्याकडे टक लावून पाहते. सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान त्याला आपले आणि परके यांतील फरक कळू लागतो आणि नवे माणूस दिसले की ते रडते. नऊ महिन्यांच्या आसपास ते टाटा करायला, टाळ्या वाजवायला शिकते. दुरून खेळ रंगतो तो येथून पुढे.

‘लहान मुलांना मोबाईल दाखवू नका, असे तुम्हीच सांगता, मग हे कसे चालते?’ असे आपण विचाराल. शंका रास्त आहे. दोन वर्षांखालील मुलांना कोणताही पडदा दाखवू नये, असेच इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. परंतु नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल तिने या नियमातून वगळला आहे. कारण असे, की कार्टूनमधील चित्र बाळाला उत्तर देत नाही आणि आजी देते. बाळ हसले की आजी हसते, बाळाने हुंकार दिला की आजी हुंकार देते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी काहींशी एक माणूस व्हिडिओ कॉलवर प्रत्यक्ष बोलला आणि काहींना त्याच माणसाचे आधी चित्रित केलेले बोलणे दाखवले गेले. आठवड्यानंतर, प्रत्यक्ष बोलणाऱ्या माणसाला पहिल्या गटातील मुलांनी पसंती दिली. विशेषतः थोड्या मोठ्या मुलांनी त्याच्याकडून नवे शब्दही उचलले.

म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर असे, की पहिल्या काही महिन्यांत बाळ आपल्याला ‘ओळखणार’ नाही. पण आपला आवाज, आपले बोलण्याचे वळण आणि आपला एखादा खेळ त्याच्या ओळखीचा होऊ शकेल. प्रत्यक्ष भेटीची जागा हे घेऊ शकत नाही. त्या भेटीची पूर्वतयारी मात्र यातून होते.

कॉल कसा करावा?

बाळाची भूक आणि झोप भागलेली असेल, तीच कॉलची खरी वेळ. आपला मुहूर्त त्यामागून. बाळाच्या आईला आदल्या दिवशीच विचारून ठेवावे आणि तिने ऐनवेळी ‘आत्ता नको’ म्हटले, तर मनाला लावून घेऊ नये. मुलगा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल, तर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. त्याआधी साडेनऊ तास. म्हणजे नोव्हेंबरातील लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी आपल्याकडे साडेसहा वाजतात, तेव्हा तेथे सकाळचे आठ झालेले असतात. ही वेळ बाळासाठी बरी. आपल्या पहाटे पाचच्या अभ्यंगस्नानाला मात्र तेथे आदल्या दिवसाची सायंकाळ असते. तेव्हा पहाटेच फोन लावण्याचा हट्ट सोडलेला बरा.

बाळाशी पाच-दहा मिनिटे पुष्कळ झाली. सणाला एकदम तासभर बोलण्यापेक्षा आठवड्यातून तीन-चारदा थोडे थोडे बोललेले अधिक उपयोगी. प्रत्येक वेळी सुरुवात एकाच हाकेने करावी. त्यातही आपली अहिराणी असेल तर ती खुशाल बोलावी. ‘काय करी राह्यना रे भाऊ?’ हा प्रश्न एकाच सुरात रोज ऐकणाऱ्या बाळाला त्या सुराची सवय होते. दोन भाषा कानी पडल्याने बाळाचे बोलणे बिघडते, ही समजूत खरी नाही. त्यानंतर रोज एकच छोटा खेळ किंवा एकच गाणे असावे. चेहऱ्यापुढे पदर धरून ‘बुवा कुक’ करणे हा सर्वांत चांगला खेळ आहे.

बसताना खिडकी किंवा दिवा आपल्या पाठीशी नको, समोर हवा. नाहीतर चेहरा काळा दिसतो. फोन हातात न धरता डब्याला किंवा पाटाला टेकवून ठेवावा. मागे दूरदर्शन चालू नसावा. कमी ऐकू येत असेल तर श्रवणयंत्र लावूनच बसावे. ऐकू न आल्यामुळे नुसती मान डोलावणारे आणि हळूहळू मागे सरकून बसणारे आजोबा अनेक घरांत दिसतात. घरच्यांना वाटते त्यांना रस नाही. वास्तविक त्यांना शब्दच पोहोचत नसतात. घरी शुश्रूषा करणाऱ्यांनी याकडे लक्ष द्यावे. अंथरुणाला खिळलेल्या किंवा विस्मरणाचा आजार असलेल्या वृद्धांना सकाळच्या, त्यांच्या ताज्या वेळी बाळ दाखवावे आणि ‘ओळखा पाहू कोण?’ अशी परीक्षा न घेता ‘हा तुमचा नातू’ असे आपणच सांगावे.

पहिले सण, जुन्या रीती

दूर असलेल्या सुनेला किंवा लेकीला रीती कोण सांगणार? आपणच. त्यामुळे आपण फोनवरून काय सांगतो, याला मोठे महत्त्व आहे. तिकडे वडीलधारे कोणी नसते आणि आपला शब्द प्रमाण मानला जातो.

दिवाळीचे अभ्यंगस्नान बाळाला जरूर घालावे. कोमट पाणी, हलक्या हाताने तेल, खोलीत वारा नको, आणि अंग लगेच कोरडे करून कपडे. उटणे लहान बाळाच्या कातडीला बोचते, म्हणून त्याचा एक ठिपका शकुनापुरता पायाला लावावा. नाकात, कानात तेलाचे थेंब घालू नयेत. नाकातील तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. डोळ्यांत काजळ नको. काही काजळांत शिसे आढळते. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायचीच असेल, तर ती तळपायाला लावावी, म्हणजे बाळाच्या हाताला लागून तोंडात जाणार नाही. औक्षणाचे निरांजन बाळापासून हातभर दूर असावे. फटाक्यांचा धूर आणि आवाज असेल त्या वेळी बाळ आतल्या खोलीत, खिडक्या लावून. हाच नियम दम्याच्या आजी-आजोबांनाही लागू.

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको. पाणीही नको, घुटीही नको. उष्टावण त्यानंतर करावे. फराळाचा कण, साखरेचा दाणा, मधाचे बोट सणाच्या हौसेने चाटवू नये. मध तर एक वर्ष पूर्ण होईपर्यंत पूर्ण वर्ज्य. त्यात एका जिवाणूचे बीज असू शकते, जे लहान बाळाच्या आतड्यात वाढून स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार करते. आमच्या पिढीला मध चाटवला होता, हे खरे. पण तो आजार दुर्मिळ असला तरी जिवावर बेतणारा आहे.

पुढे संक्रांत येईल आणि बोरन्हाणाची हौस. काळे झबले, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभरे, रेवड्या, चुरमुरे. फोटोत हे फार सुंदर दिसते; पण डॉक्टर म्हणून माझी यात सर्वाधिक काळजी असते. बोर, शेंगदाणा, हरभरा, हलव्याचा दाणा यांतील काहीही बाळाच्या श्वासनलिकेत अडकू शकते. चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या एवढ्यावर बोरन्हाण करावे, बोरे व हलवा ताटात ठेवून ओवाळावे, दागिने दोन मिनिटे घालून लगेच काढावेत आणि खाली पडलेला एकेक दाणा उचलूनच बाळाला जमिनीवर सोडावे. सारे जण पडद्याकडे पाहून हात हलवत असतात, त्याच क्षणी बाळाच्या तोंडात काहीतरी जाते. म्हणून कॉल चालू असताना एका माणसाचे काम केवळ बाळाकडे पाहणे, हेच असावे.

एक वर्षाखालील बाळाच्या घशात काही अडकले, रडणे फुटेना, श्वास घेता येईना, तर त्याला आपल्या हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात. वस्तू निघाली नाही तर उताणे करून छातीच्या मधोमध, स्तनाग्रांच्या किंचित खाली, एका तळहाताच्या मुळाने पाच दाब द्यावेत आणि हे आलटून पालटून करत राहावे. दुसऱ्या माणसाने १०८ ला फोन लावावा. वस्तू डोळ्यांना दिसत नसेल तर घशात बोट घालून चाचपू नये. ती अधिक आत जाते. बाळ निपचित पडले, तर लगेच हृदय-श्वसन पुनरुज्जीवन, म्हणजे सीपीआर, सुरू करावा. तो बाळाच्या आई-वडिलांनी आधीच शिकून घेतलेला असावा.

आणखी एक. फोनवर बाळ पाहून ‘वाळलंय’, ‘पिवळं दिसतंय’ असे निदान करू नये. पडद्याच्या रंगावर आणि कोनावर विसंबता येत नाही. मलाही व्हिडिओवर बाळाचे पुरळ दाखवून औषध विचारले जाते. तेव्हा मी जवळच्या बालरोगतज्ज्ञांकडेच पाठवतो. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल, ते दूध ओढत नसेल किंवा फार सुस्त असेल, तर सणाचा दिवस न पाहता लगेच दवाखाना गाठायला सांगावे.

बाळाची आईही पडद्यावर आहे

आपण सगळे बाळाला पाहतो. त्याला मांडीवर घेऊन बसलेल्या आईला कोण पाहते? घरापासून दूर, झोप अपुरी, मदतीला कोणी नाही, आणि सणाचा दिवस. बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस रडू येणे सामान्य असते. दोन आठवड्यांनंतरही उदासी, सतत अपराधीपणा, बाळ झोपले तरी झोप न येणे, कशातच मन न लागणे असे असेल, तर तो प्रसूतीनंतरचा नैराश्याचा आजार असू शकतो आणि तो उपचाराने बरा होतो. बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तिला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

म्हणून कॉलवर पहिला प्रश्न तिला असावा: ‘तू जेवलीस का? झोप झाली का?’ ‘दूध पुरते ना?’ हा प्रश्न आपल्याला साधा वाटतो, तिला तो आरोप वाटू शकतो. सल्ला एका कॉलला एकच द्यावा, तोही विचारला तर. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू पार्सलने पाठवता आले, तर ते दहा सल्ल्यांहून अधिक कामाचे.

फोन बंद झाल्यावर

आता आपल्याविषयी. कॉल संपतो, पडदा काळा होतो आणि घर एकदम रिकामे वाटते. हे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. त्या क्षणासाठी काहीतरी आधीच ठरवून ठेवावे. शेजारच्या मुलांना फराळाला बोलवावे, एखाद्या एकट्या माणसाच्या घरी ताट घेऊन जावे, देवळापर्यंत चालून यावे. कॉलची वाट पाहत जेवण लांबवू नये. इन्शुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन उपाशी बसल्याने साखर उतरून घाम, थरथर, चक्कर येते आणि सणाच्या दिवसांत असे रुग्ण माझ्याकडे येतात. आधी जेवण, मग फोन.

सणानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, भूक गेली, कोणाशी बोलावेसे वाटेना, ‘आता जगून काय करायचे’ असे बोलणे येऊ लागले, तर घरच्यांनी ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. म्हातारपणातील नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर औषधे आहेत. टेलि-मानस ही शासनाची मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मिळते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

पहिल्या भेटीची तयारी

आज ना उद्या भेट होईल. जाण्यापूर्वी दोन-तीन आठवडे आधी फ्ल्यूची लस आणि डांग्या खोकल्याविरुद्धची लस यांविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे. मोठ्या माणसाचा साधा वाटणारा खोकला लहान बाळाला धोक्याचा ठरू शकतो. सर्दी-ताप असेल तर भेट चार दिवस पुढे ढकलावी. प्रवासातून आल्यावर हात धुवून, कपडे बदलून मगच बाळाला घ्यावे आणि त्याच्या तोंडाची पापी घेऊ नये.

बाळ सहा महिन्यांच्या पुढचे असेल, तर ते आपल्याला पाहून बहुधा रडेल. फोनवर हसणारे बाळ समोर येताच रडते, याचे अनेकांना वाईट वाटते. ते त्याच्या वाढीचे लक्षण आहे. झडप घालून उचलू नये. आईजवळ बसावे, तिच्याशी बोलत राहावे, बाळाकडे थेट पाहू नये. मग फोनवरची तीच हाक, त्याच सुरात द्यावी, तोच पदर तोंडापुढे धरावा. बाळ आवाजाकडे मान वळवील. एक तास लागेल किंवा दोन दिवस लागतील. घाई करू नये.

यंदाच्या दिवाळीपासून ती हाक ठरवून टाका. आपणांस व आपल्या दूरच्या नातवंडांस दीपावलीच्या आरोग्यपूर्ण शुभेच्छा.